घाट उतरताना ब्रेकचे पेडल खोल जाते, मास्टर सिलिंडर बदलावा का?

प्रश्न : यवतेश्वरची वाट

नमस्कार. मी साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूला राहतो आणि नोकरीनिमित्त आठवड्यातून पाच दिवस यवतेश्वरचा घाट चढून कास रस्त्यावरच्या एका गावी जातो. माझी पेट्रोलवर चालणारी पाच गिअरची छोटी कार २०१६ सालची असून मी ती २०२२ मध्ये जुनी घेतली. आजवर ती ७८,००० किलोमीटर चालली आहे. इंजिन ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलतो, त्यामुळे गाडीची आपण नीट निगा राखतो, असा माझा समज होता.

गेल्या महिन्यात एका रविवारी पाहुण्यांना कास पठार दाखवून परतताना गाडीत आम्ही पाच जण होतो. पुढे वाहनांची रांग असल्यामुळे घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवावा लागला. शेवटच्या वळणांवर पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले आणि पायाखाली ओला स्पंज असावा तसे लागू लागले. दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर पकड आली आणि आम्ही सुखरूप खाली पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पेडल अगदी पूर्वीसारखे घट्ट होते. गॅरेजमध्ये दाखवले, तेव्हा पुढचे पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असल्याचे दिसले. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर दाब म्हणून टाकणारा भाग, गेला आहे, असे सांगून मिस्त्रींनी साडेचार हजारांचा खर्च काढला आहे. तो करावा का?

याला जोडूनच दुसरी शंका आहे. माझे सासरे चाळीस वर्षे गाडी चालवत आहेत आणि उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकण्याची सवय मला त्यांनीच लावली. उतार फुकटचा असतो, त्याला पेट्रोल कशाला पाजायचे, असे ते म्हणतात. या सवयीचा आणि ब्रेकच्या तक्रारीचा काही संबंध असेल का?

उत्तर : निवृत्त निदेशक

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग बरीच वर्षे घेतला आहे, त्या अनुभवावरून लिहितो. गाडी समोर नसताना निदान करणे धाडसाचे असते. तरीही आपण लक्षणे इतकी नेमकी सांगितली आहेत की, मास्टर सिलिंडरवर पैसे घालण्याआधी ब्रेक ऑइलकडे पाहावे, असे मी ठामपणे म्हणेन.

मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी सील झिजले असतील, तर ती खोड गाडी थंड असतानाही दिसते. इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी उभी असताना, पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट तसेच धरून ठेवा. ते पायाखाली हळूहळू खाली सरकत गेले आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे. पाइपमध्ये हवा शिरली असेल, तर पेडल सकाळ-संध्याकाळ सारखेच मऊ लागते. आपले पेडल मात्र गाडी तापल्यावरच बसले आणि रात्रीतून आपोआप सुधारले. ब्रेक ऑइलला उकळी फुटल्याची ही खूण आहे. पेडल घट्ट असूनही गाडी थांबेनाशी झाली असती, तर मी पॅड तापून त्यांची पकड गेली असे म्हटले असते. तो आजार वेगळा.

आपण त्याला ऑइल म्हणतो खरे, पण तो तेलाच्या जातीचा पदार्थ नाही. तो ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांपासून बनतो आणि हवेतली आर्द्रता शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला चार महिने पाऊस आणि धुके असते, तिथे रोज ये-जा करणाऱ्या गाडीत हे पाणी रबरी नळ्यांमधून आणि ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणातून हळूहळू मुरत जाते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की १४० अंश एवढीच हमी उरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. उकळून वाफ झाली की ती दाबली जाते आणि पेडल खोल जाते.

ही उष्णता किती असते, याचा हिशोब मी मुलांकडून फळ्यावर करून घेत असे. माणसांसह गाडीचे वजन १,३०० किलो आणि घाटातली उतरण साडेचारशे मीटर धरली, तर सुमारे ५७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेने १८ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे आंघोळीचा बंब तापवण्याचे काम आपण पुढच्या चाकांच्या दोन ब्रेक चकत्यांवर सोपवतो. वारा आणि टायरचे घर्षण त्यातला काही वाटा उचलतात. गाडी गिअरमध्ये असेल, तर मोठा वाटा इंजिन उचलते, न्यूट्रलमध्ये मात्र ते काहीच उचलत नाही. आपल्या दोन्ही प्रश्नांचा संबंध तो हाच.

आता पेट्रोलविषयी. आपल्या सासऱ्यांची सवय कार्बोरेटरच्या काळातली आहे आणि त्या काळी तिला थोडाफार अर्थ होता. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि इंजिनचे फेरे पुरेसे असले, तर गाडीतला संगणक पेट्रोलचा पुरवठा पूर्ण बंद करतो, कारण चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलला टाकताच इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते. लहान पेट्रोल इंजिन नुसते चालू राहण्यासाठी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते. वीस मिनिटांच्या उतारावर जो खर्च शून्य होऊ शकला असता, तिथे आपण दीडशे ते अडीचशे मिलिलिटर जाळता आणि वर ब्रेक भाजून काढता.

ब्रेक ऑइल साधारणपणे दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी किती का चालली असेना. डबीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला असेल, तोच वापरावा आणि तो सीलबंद डब्यातूनच घ्यावा, कारण महिनाभर उघडा पडलेला डबा आधीच पाणी पिऊन बसलेला असतो. ऑइल बदलताना पाइपमधली हवा काढावी लागते, तेव्हा मदतनीस पेडल थेट फ्लोअरपर्यंत दाबतो, ते टाळायला सांगा. जुन्या सिलिंडरच्या एरवी न वापरल्या गेलेल्या भागात गंज किंवा गाळ असतो आणि त्यावर घासून चांगले सील फाटतात. असे झाले, तर मास्टर सिलिंडर खरोखरच बदलावा लागेल. हे काम होईपर्यंत कृपया ही गाडी घाटात नेऊ नका.

उत्तर : पसरणीचा प्रवासी

मी वाईचा असून पसरणी घाटातून पाचगणी-महाबळेश्वरला पर्यटकांची गाडी नेतो. सरांनी यंत्राची बाजू सांगितली आहे, मी चालवण्याबद्दल लिहितो. आमच्याकडे जुने चालक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी बजावतात की, जो घाट ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये तो उतर. हा ठोकताळा जुन्या, कमी ताकदीच्या गाड्यांचा आहे. आताची गाडी तिसऱ्यात सहज चढते, पण उतरताना दुसरा लागतो, एवढा फरक त्यात करावा. गिअर वळणाच्या आधी उतरवावा, कारण वळणात एक हात स्टिअरिंगवर आणि एक गिअरवर अशी स्थिती चांगली नसते.

ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवणे हा सर्वांत वाईट प्रकार आहे. त्याने पॅड आणि चकती सतत घासत राहतात आणि त्यांना थंड व्हायला क्षणभरही उसंत मिळत नाही. वेग वाढला की एकदा ठाम दाबून तो पुरेसा कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा. रविवारी रांगेत चालताना हे जमत नाही, हे मान्य. तेव्हा मी पुढच्या गाडीपासून मुद्दाम मोठे अंतर ठेवतो. मधे कोणी घुसले, तर घुसू देतो. जळका वास आला किंवा पेडलमध्ये फरक जाणवला, तर रस्ता रुंद असेल तिथे गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे थांबावे, हँडब्रेकवर विसंबण्याऐवजी गिअर टाकून चाकाला दगड लावावा आणि तापलेल्या चाकावर पाणी अजिबात ओतू नये, कारण त्याने चकती वाकडी होते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट देणे हा तर नियमच आहे, पण पावसाळी पर्यटनात तो पाळणारे फार थोडे दिसतात.

पेडल पूर्ण बसलेच, तर ते भराभर दाबत राहावे आणि गिअर एकेक करून खाली आणावेत. हँडब्रेकचे बटण दाबून धरावे आणि तो हळूहळू ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके अडकून गाडी फिरते. इंजिन बंद करण्याची चूक मात्र करू नये. इंजिन बंद झाले की ब्रेक बूस्टरमध्ये, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागात, दोन-तीन वेळा दाबण्यापुरतेच बळ उरते आणि स्टिअरिंगही जड होते. पेट्रोल वाचवायला घाटात चावी फिरवणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहिले.

उत्तर : कोरेगावकर

निदेशक सरांशी मी आदरपूर्वक असहमत आहे. माझी गाडी २०१९ ची, इंजेक्शनचीच आहे. कोरेगाव ते सातारा या रस्त्यावर मी लहानसहान उतारांवर गाडी न्यूट्रलला सोडतो आणि टाकी फुल करून मोजले असता लिटरमागे जवळपास अर्धा किलोमीटर ॲव्हरेज वाढलेले दिसते. मग संगणक पेट्रोल तोडतो, या म्हणण्याला काय अर्थ राहिला?

उत्तर : निवृत्त निदेशक

आपले निरीक्षण मी खोटे ठरवणार नाही. उतार इतका सौम्य असेल की, गिअरमध्ये ठेवल्यास गाडी रेंगाळते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तर न्यूट्रलमध्ये ती अधिक लांब घरंगळते आणि थोडे पेट्रोल वाचूही शकते. जिथे ब्रेक लावावाच लागतो, अशा उतारावर हे लागू होत नाही आणि मूळ प्रश्न त्याच उताराचा आहे. तरीही सौम्य उतारावरदेखील मी न्यूट्रलची शिफारस करणार नाही. अचानक गुरे आडवी आली, तर वेग वाढवून निसटण्याचा पर्याय हातात नसतो.

राहिला मोजणीचा प्रश्न. पंपावरची नळी कुठे थांबते, यात प्रत्येक वेळी अर्धा-एक लिटरचा फरक सहज पडतो. २५ लिटरच्या भरण्यात त्याचा परिणाम आपल्या अर्ध्या किलोमीटरपेक्षा मोठा होतो. त्यामुळे चार-पाच टाक्यांची सरासरी धरावी. जुन्या वहीतल्या आकड्यांशी तुलना करताना हेही लक्षात घ्यावे की, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. ॲव्हरेज खरोखर वाढवायचे असेल, तर टायरमधली हवा दर पंधरवड्याला, सकाळी टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे तपासा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही, कारण साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

यवतेश्वरची वाट

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पेडल अर्धा मिनिट दाबून धरले, ते जागचे हलले नाही. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलून घेतले. मजुरीसह नऊशे रुपये झाले. डबीतून निघालेले जुने ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे होते आणि कागदपत्रांत ते पूर्वी कधी बदलल्याची नोंद सापडली नाही, म्हणजे बहुधा ते गाडीइतकेच जुने असावे. मागच्या चाकांचे ब्रेक ड्रमही उघडून पाहिले. डाव्या ड्रममध्ये धूळ साचून शू (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारा भाग) नीट सरकत नव्हता, त्यामुळे पुढच्या चाकांवर अधिक भार येत असावा, असे मिस्त्रींचे मत पडले. ते साफ करून घेतले.

गेले दोन आठवडे मी दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरत आहे. ब्रेक पूर्वीच्या निम्म्यानेही लागत नाही, इंजिनाचा आवाज मात्र वाढतो. मागच्या रविवारी सासरे शेजारी बसले होते. इंजिन असे ओरडवून त्याचे आयुष्य कमी होत नाही का, असे त्यांनी विचारले आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. दुसऱ्या गिअरमध्ये काटा ३,००० फेऱ्यांच्या आसपास असतो.

निवृत्त निदेशक

तीन हजार फेरे म्हणजे त्या इंजिनाच्या मर्यादेच्या निम्मेच. चढताना ते याहून अधिक फिरते आणि तेव्हा त्यावर भारही असतो. उतरताना आत ज्वलनच होत नसल्यामुळे ते तापण्याऐवजी निवत जाते. कूलंटची पातळी बरोबर असेल आणि ऑइल वेळेवर बदलले जात असेल, तर चिंता नसावी. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. गाडीत क्षणोक्षणीचे ॲव्हरेज दाखवणारा आकडा असेल, तर उतरताना तो त्यांना दोन्ही प्रकारे दाखवा, मात्र न्यूट्रलचा प्रयोग घाट संपल्यावर, मोकळ्या रस्त्यावरच करा.