कंपवात, मधुमेह आणि रक्तदाब एकत्र असताना औषधे तपासणाऱ्या ॲपवर किती विसंबावे?

द्राक्षमळा, तासगाव

नमस्कार. माझे सासरे, म्हणजे आमचे अण्णा, 74 वर्षांचे आहेत. त्यांना काही वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन) आहे. मधुमेह आणि रक्तदाब त्याआधीपासूनचे आहेत आणि अलीकडे प्रोस्टेटचा त्रासही सुरू झाला आहे. मेंदूविकारतज्ज्ञ मिरजेत, मधुमेहाचे डॉक्टर सांगलीत आणि पोटाच्या किरकोळ तक्रारींसाठी गावातले नेहमीचे डॉक्टर, अशी आमची व्यवस्था असल्यामुळे प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि फाइलही वेगळी आहे. पुण्यातील माझ्या दिरांनी सर्व गोळ्यांची नावे एका ॲपमध्ये भरून पाहिली, तेव्हा इतके लाल-पिवळे इशारे आले की घरात सगळेच धास्तावले आणि सासूबाई दोन गोळ्या बंदच करू म्हणू लागल्या. हे इशारे कितपत खरे मानावेत? सर्व आजारांचा एकत्र विचार करून कोणते औषध ठेवावे आणि कोणते काढावे, हे सांगणारे एखादे साधन डॉक्टरांकडे असते का?

औषधशास्त्र_मिरज

ताई, घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका. कंपवातावरचे मुख्य औषध लेव्होडोपा एकाएकी थांबवले तर तीव्र ताप येणे, अंग ताठरणे आणि शुद्ध हरपणे असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो.

अशी बहुतेक ॲप औषधांच्या जोड्या तपासतात. दहा औषधांच्या 45 जोड्या होतात, त्यामुळे इशाऱ्यांची गर्दी होणारच. मात्र त्यांतील महत्त्वाचा कोणता, हे रुग्णाला पाहिल्याशिवाय ठरत नाही. काही इशारे केवळ घड्याळाने सुटतात. उदाहरणार्थ, रक्तवाढीची लोहाची गोळी लेव्होडोपासोबत घेतल्यास लेव्होडोपाचे शोषण घटते, म्हणून दोहोंत साधारण दोन तासांचे अंतर ठेवतात. याउलट रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटसाठी दिले जाणारे टॅम्सुलोसिन आणि लेव्होडोपा यांच्याबद्दल तीन वेगवेगळे इशारे दिसले, तरी त्यांमागचा प्रश्न एकच असतो: अण्णा उभे राहिल्यावर त्यांचा रक्तदाब किती उतरतो? कंपवातातही तो मुळातच उतरतो. त्यांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजा, नंतर उभे राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर ती नोंद मिरजेच्या डॉक्टरांना अवश्य दाखवा, कारण पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्या सर्व लाल इशाऱ्यांपेक्षा मोठा आहे.

ॲपमधून काय निसटले असेल, याची मला अधिक काळजी वाटते. पित्ताच्या कॅप्सूलच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचा. आपल्याकडे पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड एकत्र केलेल्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. लेव्होसल्पिराइड मेंदूतील डोपामिनचे (हालचालींसाठी लागणारे रसायन, जे कंपवातात कमी पडते) काम अडवते, त्यामुळे कंपवात वाढतो आणि निरोगी माणसातही तशी लक्षणे उद्भवू शकतात. उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेसाठीचे सिनारिझिन याच वर्गातले. दिरांनी नुसते ‘पँटोप्राझोल’ भरले असेल, तर ॲपला दोष देता येणार नाही.

संगणक_विश्रामबाग

मी रुग्णालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. जोड्या तपासण्यापलीकडे, आजार आणि औषध यांचा मेळ पाहणारे नियमसंचही आहेत. वृद्धांनी कोणती औषधे टाळावीत हे सांगणारे अमेरिकेतील बिअर्स निकष 1991 मध्ये आले. कोणते औषध थांबवावे आणि कोणते सुरू करावे हे सांगणारे आयर्लंडमधील स्टॉप-स्टार्ट निकष 2008 मध्ये आले आणि त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये निघाली. ‘कंपवात असताना डोपामिन अडवणारे औषध नको’ असा नियम संगणकात बसवणे अजिबात अवघड नाही. अवघड आहे ते रुग्णाला कंपवात आहे हे संगणकाला कळणे, कारण मधुमेहाच्या दवाखान्यातील नोंदीत बहुधा फक्त मधुमेहच असतो. आभा या सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाशी (तो 14 अंकी असतो) नोंदी जोडल्यास हे सुधारू शकते, पण त्यासाठी प्रत्येक दवाखान्याने त्या जोडायला हव्यात.

शिवाय नियमांचा आपसातही मेळ नसतो. एका आजारापुरती मार्गदर्शक सूत्रे बसवलेले साधन तीन महिन्यांची सरासरी साखर 7 टक्क्यांखाली आणण्यासाठी औषध वाढवायला सुचवील, तर वृद्ध आणि स्मृती मंदावलेल्या रुग्णांसाठीची सूत्रे 8 टक्क्यांपर्यंत मोकळीक देतात, कारण साखर एकदम उतरली तर असा माणूस ते ओळखूही शकत नाही. संगणक दोन्ही सूचना शेजारी-शेजारी दाखवतो. निवाडा करण्याची सोय त्यात आम्ही केलेली नाही आणि माझ्या मते तशी ती करूही नये.

वैद्यकीय_कोरेगाव (जि. सातारा)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु साधनांचा गाजावाजा जरा जपून करावा. युरोपातील चार देशांत 70 वर्षे व त्यावरील, अनेक आजार असलेल्या सुमारे 2,000 रुग्णांवर ‘ओपेरॅम’ नावाची चाचणी झाली आणि 2021 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉक्टर आणि औषधतज्ज्ञ यांनी सॉफ्टवेअरच्या मदतीने औषधांचा आढावा घेतल्यावर अयोग्य औषधे कमी झाली, मात्र औषधांमुळे पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. इजाही झाली नाही, हेही तितकेच खरे. आपल्या देशातील 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेला रुग्णाला थेट सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. ती डॉक्टरांना साहाय्य करू शकते.

एक प्रश्न मात्र कोणतेच ॲप विचारत नाही, म्हणून मी विचारतो: अण्णा कवचबीजाचे (खाजकुयलीच्या बियांचे) चूर्ण घेतात का?

द्राक्षमळा, तासगाव

डॉक्टर, घेतात. शेजारच्या गावातील एका वैद्यांनी शक्ती येण्यासाठी दिले आहे आणि ते दुधातून रोज सकाळी चालू आहे. ते औषध आहे असे आम्हाला वाटलेच नव्हते, त्यामुळे ॲपमध्येही भरलेले नाही. पित्ताच्या पाकिटावर मात्र फक्त पँटोप्राझोल आहे. चूर्ण आजपासून थांबवू का?

वैद्यकीय_कोरेगाव (जि. सातारा)

लगेच थांबवू नका. कवचबीजात नैसर्गिक लेव्होडोपा असते आणि त्याचे प्रमाण चूर्णागणिक बदलते. म्हणजे अण्णांना गोळीतून मिळते त्याहून अधिक लेव्होडोपा मिळत आहे आणि मिरजेच्या डॉक्टरांनी मात्रा ठरवताना ते गृहीत धरलेले नाही. हातापायांच्या अनावर हालचाली, भास किंवा उभे राहताना चक्कर यांपैकी काही दिसत असेल, तर आजच फोन करा. एरवी या आठवड्यात चूर्णाची डबी, सर्व पाकिटे आणि कोणती गोळी किती वाजता घेतली जाते याचा एकच कागद घेऊन त्यांच्याकडे जा आणि त्याची प्रत सांगलीच्या डॉक्टरांनाही द्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असल्यास बी-12 जीवनसत्त्वाची तपासणी झाली आहे का, तेही विचारा, कारण या गोळीने ते कमी होऊ शकते. ते कमी असल्यास पायांतील संवेदना आणि तोल बिघडतो आणि सारा दोष कंपवाताच्या माथी जातो.