रंगकामाच्या बिलावरून मतभेद : बाकी किती द्यावी आणि किती अडवावी?

पूर्वाभिमुख :
पुण्यातील आमच्या सदनिकेचे रंगकाम आम्ही गणपतीच्या आधी करून घेतले. मालासकट चौरस फुटाला 22 रुपये, लांबीचे (भिंत गुळगुळीत करणाऱ्या पुट्टीचे) दोन हात, म्हणजे थर, आणि रंगाचे दोन हात, असे तोंडी ठरले होते. आता रंगाऱ्यांनी 2,680 चौरस फुटांचे बिल दिले आहे. दारे-खिडक्या पूर्ण वगळून मी स्वतः माप घेतले तेव्हा ते 2,310 भरले. जुना रंग खरवडल्यावर भिंती फारच खराब निघाल्या म्हणून लांबीचा तिसरा हात द्यावा लागला, असे सांगून त्यांनी वर 6,000 रुपये लावले आहेत. हे त्यांनी आम्हाला न विचारता केले, मात्र भिंती उत्तम झाल्या आहेत हेही खरे आहे. 35,000 रुपये उचल आधीच दिलेली असल्यामुळे त्यांच्या हिशेबाने 29,960 रुपये आणि माझ्या हिशेबाने 15,820 रुपये बाकी राहतात. त्यातच न्हाणीघराला लागून असलेल्या एका भिंतीचा रंग फुगून पोपडे निघू लागले आहेत. ती भिंत नीट होईपर्यंत एक रुपयाही देऊ नये असे यजमानांचे म्हणणे आहे, तर सणाच्या तोंडावर कामगारांचे पैसे अडवणे सासूबाईंना मुळीच मान्य नाही. अशा वेळी न्याय्य काय ठरेल?

ओळंबा :
मी बांधकामांवर मोजमापाचे काम करतो, म्हणून आधी मापाविषयी लिहितो. दारे-खिडक्या अजिबात वजा न करणे आणि त्या पूर्ण वजा करणे, या दोन्ही रीती सर्रास दिसतात, आणि दर ठरवताना यातली कोणती धरायची हे न बोलल्यामुळेच बहुतेक भांडणे होतात. बांधकामाच्या मोजमापासाठी भारतीय मानक 1200 आहे. ते तुमच्या तोंडी ठरावावर आपोआप बंधनकारक होत नाही, पण तटस्थ आधार म्हणून उपयोगी पडते. त्यानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांची, मोकळी जागा वजा करत नाहीत. त्याहून मोठी पण तीन चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे 32 चौरस फुटांची असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजू रंगवलेल्या असतील, तर वजावट एकाच बाजूची होते, कारण दुसऱ्या बाजूच्या वजावटीच्या बदल्यात चौकटीभोवतीच्या कडा रंगवण्याची मेहनत धरली जाते. त्याहून मोठी जागा मात्र वजा करून कडांचे माप वेगळे धरतात.

याचा अर्थ असा की, दोन खोल्यांच्या मधले तीन फूट बाय सात फुटांचे दार तुम्ही दोन्ही बाजूंनी वजा केले असेल, तर प्रत्येक दारामागे 21 चौरस फूट रंगाऱ्यांचे कापले गेले. अशी तीन दारे असतील तर 1,386 रुपये. उलट बाल्कनीचे सहा बाय सातचे सरकते दार त्यांनी भिंत म्हणून मोजले असेल, तर ते 42 चौरस फूट तुमच्या बाजूने सुटायला हवेत. खरे माप तुमच्या दोघांच्या आकड्यांच्या मधे कुठेतरी निघेल असे मला वाटते. ते त्यांच्यासोबत, टेपचे एक टोक त्यांच्या हाती देऊन घ्यावे, प्रत्येक खोलीचा आकडा लगेच कागदावर लिहावा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

दोन-हात :
माझा सांगलीत रंगकामाचा व्यवसाय आहे, तेव्हा आमची बाजूही मांडतो. कारागिरांची आणि बिगाऱ्यांची मजुरी आम्हाला दर आठवड्याला द्यावी लागते. मालक आणि आमच्यात वाद आहे म्हणून ती थांबवता येत नाही. एका भिंतीसाठी संपूर्ण बाकी अडवली, तर त्या भिंतीशी काहीही संबंध नसलेल्या माणसांचे पैसे अडकतात. ती भिंत साधारण 90 चौरस फुटांची असेल, तर 22 रुपयांप्रमाणे 1,980 रुपये मागे ठेवावेत आणि ज्या 15,820 रुपयांबद्दल तुमचा स्वतःचाही वाद नाही, त्यातले उरलेले 13,840 रुपये आजच द्यावेत.

पोपड्यांचे कारण रंग नसून ओल असण्याचा संभव मोठा आहे. पोपडे खरवडून त्या जागी दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले, तर पाणी भिंतीतून येत आहे. मग न्हाणीघराच्या फरशीचे सांधे किंवा नळजोडणी दुरुस्त होईपर्यंत कोणताही रंग तिथे टिकणार नाही. मात्र भिंत ओली असल्याचे रंगाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वीच सांगायला हवे होते, आणि ते सांगितले नसेल तर तेवढी भिंत त्याने पुन्हा करून देणे मी योग्य समजतो. पावसाळ्यात घेतलेल्या कामात तर ही तपासणी वगळताच येत नाही.

अर्जदार :
तिसऱ्या हाताबद्दल दोन शब्द. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 70 नुसार, एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ आपण घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. म्हणून 'विचारले नाही, तर देणार नाही' ही भूमिका पूर्णपणे टिकेल असे मला वाटत नाही. पण भरपाई वाजवी हवी; त्यांनी 6,000 रुपयांची फोड, म्हणजे लांबीच्या गोण्या आणि मजुरीचे दिवस, लिहून द्यावी असे तुम्ही निःसंकोच म्हणू शकता. काम सदोष असेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या कामासाठी शुल्क लागत नाही, आणि 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर त्याआधी सल्लाही मिळतो. रंगाऱ्याला मात्र आपल्या मजुरीसाठी हा मार्ग खुला नाही. त्याला दिवाणी न्यायालयातच जावे लागते, आणि इतक्या रकमेसाठी तो खर्च त्याला परवडणारा नसतो. तुमच्या हातातील पैसा हा या वादात केवढा मोठा अधिकार आहे, हे यजमानांनी अवश्य लक्षात घ्यावे.

पूर्वाभिमुख :
सर्वांचे मनापासून आभार. 13,840 रुपये आज ऑनलाइन पाठवले आणि ते कशापोटी दिले हे संदेशात स्पष्ट लिहिले. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पाणी साचले, त्यामुळे न्हाणीघराच्या सांध्यांचे काम आधी करून घेणार आहोत. भिंत ओली असल्याचे रंगाऱ्यांनी सांगितले नव्हते हे त्यांनी मान्य केले असून, ती वाळल्यावर फक्त मालाचा खर्च घेऊन पुन्हा रंगवून देण्याची त्यांची तयारी आहे. माप रविवारी एकत्र घेणार आहोत आणि तिसऱ्या हाताची फोड त्यांनी त्याच वेळी आणायची, असे ठरले आहे.