विषय: [शिकार] १२ बोअरमध्ये डुकरासाठी काय भरायचं?

प्रेषक: सदरवाला, सॅन अँटोनियो

नमस्कार मंडळी,

वर्गणीचा मेल नाही, घाबरू नका.

ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांचं कर्व्हिलच्या बाजूला रँच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांचा हंगाम उघडतो, तेव्हा त्यांनी बोलावलंय. हरीण मिळालं तर मिळालं, त्यांचा खरा राग रानडुकरांवर आहे. ओटचं शेत एका रात्रीत नांगरल्यासारखं उकरून ठेवलंय. आणि गंमत म्हणजे त्या रानात चितळं आहेत! पेंचला जिप्सीतून बघतो तीच, ठिपक्यांची. मी गाडी थांबवून बघतच राहिलो. म्हातारबाबा म्हणाले, ‘अ‍ॅक्सिस’ म्हणतात आम्ही, त्यांना हंगामच नाही.

रायफल मित्र वापरणार. मला त्यांची जुनी पंपवाली १२ गेज (आपली १२ बोअर, छऱ्यांची बंदूक) देणार आहेत. ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन्स काढलंय. अडलंय ते काडतुसांपाशी. दुकानात भिंतभर डबे: स्लग, सेबो स्लग, डबल-ऑट, ट्रिपल-ऑट, पावणेतीन इंची, तीन इंची. काउंटरवरच्या पोराने सगळ्यात महागडे सेबोचे दोन डबे दिले. आणलेत, फोडलेले नाहीत. हरीण आणि डुक्कर, दोन्हीला एकच चालेल का?

सदरवाला

---

प्रेषक: यादी सांभाळणारी, ह्यूस्टन

विषयात [शिकार] टाकलंय. ज्यांना नको त्यांनी फिल्टर लावावा. ‘हे आपल्या मंडळाच्या संस्कृतीत बसतं का’ यावर कृपया वेगळा धागा नको, तो वाद सहलीच्या मटणावरून होऊन गेलाय.

---

प्रेषक: महालवाले, डॅलस

सदरवाल्या,

काउंटरवरच्या पोराने तुला जनावर कोणतं ते विचारलं असेल, नळी कोणती ते विचारलं नसेल. सगळी भानगड तिथे आहे.

आधी इतरांसाठी एक गोष्ट. तुझं ग्रीन कार्ड आहे म्हणून तुला प्रश्न नाही. पण यादीवर एच-वनवाली मुलं बरीच आहेत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्याला सूट मिळते. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. ‘मित्राचीच होती, नुसती धरली’ हे ऐकून घेणार नाहीत.

आता नळी. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघ, अ‍ॅक्शन उघडी ठेव आणि नळीवर काय कोरलंय ते वाच. गेज लिहिलेलं असेल, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) किती इंची ते असेल, बहुतेक चोकही (नळीचं तोंड किती आवळलंय ते) असेल. पावणेतीन इंच लिहिलं असेल तर तीन इंची काडतूस घालायचं नाही. घालायला गेलास तर ते आत बसतं, हाच घोटाळा. काडतुसाचं दुमडलेलं तोंड उडताना पुढे उघडतं, त्याला जागा उरत नाही आणि दाब नको तितका चढतो. उलट, तीन इंची चेंबरमध्ये पावणेतीन इंची बिनधास्त चालतं. आणि म्हातारबाबांकडे २० गेजची बंदूकही असेल तर दोन्हींची काडतुसं एका खिशात टाकू नकोस. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. नळी रिकामी वाटते, माणूस मागून बाराचं भरतो आणि नळी हातात फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.

मग टॉर्च मारून आत बघ. आरशासारखी गुळगुळीत आहे की पिळाच्या रेघा आहेत? जुनी पंप असेल तर गुळगुळीतच असणार. आणि तसं असेल तर तुझे ते दोन महागडे डबे तुझ्या कामाचे नाहीत. सेबो म्हणजे प्लास्टिकच्या कपड्यात बसवलेली बारीक गोळी. पिळाच्या नळीतून गेली की गरगरत सरळ जाते, दीडशे यार्डांपर्यंतही नेम देते. गुळगुळीत नळीत तिला फिरवणारं काही नाही. ती कोलांट्या खात जाते आणि पन्नास यार्डांवरच्या कागदाला आडवी भोकं पाडते.

गुळगुळीत नळीसाठी स्लगची, म्हणजे काडतुसातल्या एकाच जड गोळीची, दोन घराणी आहेत. एक फॉस्टर, अमेरिकन, १९३१ च्या सुमाराचा. साधारण एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम मऊ शिसं, मागून पोकळ. वजन पुढे असल्यामुळे बॅडमिंटनच्या फुलासारखा सरळ जातो. वरच्या तिरक्या रेघा त्याला फिरवतात अशी सगळ्यांची समजूत आहे, पण त्यांचं मुख्य काम चोकमधून जाताना शिशाला दबायला जागा देणं हे आहे. दुसरं ब्रेनेके, जर्मन, १८९८ पासूनचं. ते भरीव असतं, मागे वॅड (दारू आणि गोळीमधला डाट) जोडलेलं, शिसं जरा कडक. फॉस्टर लागल्यावर पसरतो, ब्रेनेके कमी पसरतो आणि खोल जातो.

हरणाला फॉस्टर पुरून उरतो. टेक्सासच्या डोंगराळ भागातलं पांढऱ्या शेपटीचं हरीण काही थोराड नसतं, कातडी पातळ, बरगड्या नाजूक. डुकराचं तसं नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कुर्च्यासारखी ढाल असते, इंचभर जाडही भरते. एकमेकांच्या सुळ्यांपासून वाचायला निसर्गाने दिलेली. शिवाय त्याचं हृदय आपल्या अंदाजापेक्षा खाली आणि पुढे असतं. हरणासारखा खांद्यामागे नेम धरलास तर गोळी पोटात जाते. डुक्कर काटेरी झुडपात पसार होतं आणि जखमी डुकरामागे झुडपात शिरण्याची वेळ तुझ्यावर येते. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात मारायचं. तिरकं असेल तर थांब.

म्हणून दोन्हीला एकच घ्यायचं तर मी ब्रेनेके पद्धतीचा पावणेतीन इंची स्लग घेईन. जादा जोराचं मॅग्नम नको. खांदा दुखायला लागला की माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो.

बकशॉटचं, म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या काडतुसाचं काय, तर डबल-ऑटमध्ये साधारण नऊ छर्रे, प्रत्येकी सुमारे साडेआठ मिलिमीटरचे. ऐकायला भारी वाटतं. पण साध्या नळीतून पसारा ढोबळमानाने यार्डाला इंच वाढतो. तीस यार्डांवर अडीच फुटांचा घेर झाला आणि हरणाची नेमाची जागा जेमतेम आठ-दहा इंचांची. नवातले दोन-तीन तिथे लागले तर नशीब, उरलेले पोटात नाहीतर पायात. काही नव्या काडतुसांत वॅड छर्रे धरून ठेवतं, ती बरीच घट्ट जातात. तरी तीस-पस्तीसच्या पुढे मी बकशॉट झाडणार नाही. दाट झुडपात वीस यार्डांवर डुक्कर समोरून निघालं तर गोष्ट वेगळी. आणि नियम राज्याराज्याला बदलतात: ओहायो-इलिनॉयमध्ये हरणावर बकशॉट चालतच नाही, एकच गोळी हवी. दक्षिणेत दलदलीच्या भागात कुत्री लावून बकशॉटनेच मारतात. नंबर फोर बकशॉट कोणी सुचवेल. सत्तावीस छर्रे, पण सहा मिलिमीटरचे. कोल्ह्याकुत्र्याला ठीक, डुकराच्या ढालीला नाही.

शेवटी कागद. जाण्याआधी रेंजवर पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर यार्डांवर त्याच बंदुकीतून, त्याच डब्यातली पाच-पाच मारून बघ. नेमासाठी नळीच्या टोकाला नुसता मणी असेल तर पाचही गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसतात ते अंतर तुझं, मग म्हातारबाबा काहीही सांगोत. स्लग शिशाचा जड गोळा आहे, चुकला तर अर्ध्या मैलावरही जीव घेऊ शकतो. मागे मातीचा चढ नसेल तर दाबायचं नाही.

चितळांचं खरं आहे. १९३० च्या दशकात आणून सोडली, आता डोंगराळ भागात मोकाट आहेत. परकी जनावरं म्हणून हंगाम नाही, लायसन्स मात्र लागतंच. दक्षिण टेक्सासात रोहीसुद्धा (नीलगाई) आहेत. रोहीच्या नराला हात लावू नकोस, ते या छऱ्याच्या बंदुकीचं काम नाही.

महालवाले

---

प्रेषक: धरमपेठच्या वहिनी, ह्यूस्टन

भाऊजींनी मारण्याचं सगळं सांगितलं, पुढचं आमच्याकडेच येणार म्हणून लिहिते.

डुक्कर सोलताना रबरी हातमोजे घालायचेच. इथल्या रानडुकरांत ब्रुसेलोसिस असतो, हाताला बारीक चीर असली तरी लागतो. मांस आतपर्यंत १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस झालं पाहिजे. थर्मामीटर घाला, रंगावर जाऊ नका. सावजी रस्सा तासभर रटरटतो त्यामुळे तिथे चिंता नाही, ग्रिलवर मात्र लक्ष ठेवा.

दुसरं शिशाचं. मऊ शिशाची गोळी हाडावर आपटली की डोळ्यांना न दिसणारे कण मांसात वीतभर लांबही जातात. जखमेच्या भोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ते ताट देऊ नका. तांब्याचे स्लगही मिळतात, पण बरेचसे पिळाच्या नळीसाठी असतात, तेव्हा डबा वाचून घ्या. कॅलिफोर्नियातल्यांना पर्यायच नाही, तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं बंद आहे.

आणि डबाभर आमच्याकडे पोहोचता करा.

---

प्रेषक: काटोल रोडवाले, नागपूर

राम राम पोट्टेहो,

परत येऊन इतकी वर्षं झाली तरी यादीवरून नाव काढलं नाही, म्हणून वाचून राहिलो.

महालवाले जे डबल-ऑट म्हणतात ते आपल्याकडचं एसजी, ट्रिपल-ऑट म्हणजे एलजी. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं जुन्या घरांत अजून सापडतील. आमच्या वडिलांची दुनाळी होती, तिचं चेंबर ६५ मिलिमीटरचं. आजची ७० ची काडतुसं तिला चालत नाहीत. कोणाच्या घरी माळ्यावर आजोबांची बंदूक असेल तर ‘अमेरिकेत असं भरतात’ म्हणून प्रयोग करू नका. नळीवर पाण्यासारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, तिच्यात आजकालचं कोणतंच काडतूस नको.

दोन-तीन जणांनी मला वेगळा मेल टाकून विचारलं, काका, तुमच्या शेतात पण डुकरं येतात ना, मग तिथे स्लग का नाही. येतात तर. हरभऱ्याला घाटे धरले की रात्री कळप उतरतो. खाते थोडं, तुडवते जास्त. संत्र्याच्या बागेत आळी उकरून टाकते. जागल करून करून माणूस थकून जाते. पण इथे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. रानडुक्कर, रोही, चितळ सगळे अनुसूचीत. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, रानडुकरासाठी तसे अर्ज होतात. पण ती परवानगी त्यात लिहिलेल्या जनावरांपुरतीच. मेलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता, पंचनामा होते. वहिनीचा सावजी रस्सा इथे थेट तुरुंगात शिजेल.

शेतकऱ्याला पीकसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळते, पण कायद्यात त्यासाठी तोंडाने भरायच्या ठासणीच्या बंदुकीचं नाव आहे. निवडणूक आली की तीही बहुतेकदा ठाण्यात जमा. म्हणून आम्ही सौर कुंपण घातलं. झटका देते, मारत नाही. घरची थेट लाइन तारेला जोडणारे अजून आहेत. त्या तारेवर डुक्कर मरते, वाघ मरते, आणि सकाळी पाणी द्यायला गेलेला माणूसही मरते.

अखेरचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. शिकारीचं जाकीट, रेंजवर नेलेली बॅग, यांचे कप्पे झटकल्याशिवाय ते सामान घेऊन नागपूरचं विमान धरू नका. कप्प्यात एक काडतूस राहिलं आणि विमानतळाच्या स्कॅनरला दिसलं, तर शस्त्र कायद्याचा गुन्हा. पुढे कोर्टात ‘माहीत नव्हतं’ हे पटवता येते, कायद्यात त्याला आधार आहे. पण तोवर पासपोर्ट तिथे, सुट्टी संपलेली आणि नोकरी तिकडे. आतल्या अस्तराची फाटकी शिवण पण चाचपा.

---

प्रेषक: सदरवाला

सगळ्यांना धन्यवाद. आज बंदूक पाहून आलो. गुळगुळीत नळी, चेंबर पावणेतीन इंच, चोक ‘मॉडिफाइड’, पक्का, काढता येत नाही. स्लगला चालेल का? आणि सेबोचे डबे परत करायला गेलो तर दुकानदार म्हणतो, दारूगोळा एकदा दाराबाहेर गेला की परत घेत नाही.

---

प्रेषक: महालवाले

मॉडिफाइडला चालतं. सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे कमी आवळलेला चोक असता तर नेम अजून बरा आला असता. फुल चोक, म्हणजे पुरता आवळलेला असता तर मीच नको म्हणालो असतो. तरी डब्यावर त्या कंपनीने काय लिहिलंय ते वाच, ब्रेनेकेवाले चोकबद्दल स्पष्ट छापतात.

सेबो मला दे. माझ्या दुसऱ्या बंदुकीला पिळाची नळी आहे, मी अर्ध्या किमतीत घेतो. अर्ध्याच, पूर्ण नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला आणू नकोस, तो हॉल शाळेचा आहे. रेंजवर भेटू तेव्हा आण.