पालक हातभर व्हायच्या आतच फुलावर का आला?

गच्चीवरची मंजिरी (पुणे):
नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या गच्चीवर फेब्रुवारीअखेर दोन लांबट ट्रेमध्ये पालक पेरला. माती, शेणखत, थोडं कोकोपीट; खोली वीतभर. उगवण छान झाली. आता एप्रिल लागलाय आणि पानं तळहाताएवढी व्हायच्या आतच मधून दांडे वर निघालेत. त्यातही झाडं दोन तऱ्हांची दिसतात. काही किडकिडीत, पानं कमी, शेंड्याला हिरवट मण्यांचे घोस. बोट लावलं की पिवळी भुकटी झडते. त्यांच्या शेजारचीच काही चांगली भरलेली, पानांच्या बेचक्यात बारीक गाठी. सासूबाईंना ताकातली पालकाची पातळ भाजी फार आवडते आणि ती घरच्या पालकाची व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. खत कमी पडलं का? दांडे खुडले तर पुन्हा पानं येतील का? बी ऑनलाइन मागवलं होतं.

हिरवी कुंडी (ठाणे):
नत्र कमी पडलं असेल. गोमूत्र दहापट पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा देऊन बघा.

वाफेकरी (जुन्नर):
मंजिरीताई, हा खताचा प्रश्न नाही. ती पिवळी भुकटी म्हणजे परागकण, आणि सगळं उत्तर त्यातच आहे. नर झाडं वेगळी, मादी वेगळी, असा पालक म्हणजे विलायती, स्पिनॅशिया. मंडईत जुडीने मिळतो तो आपला देशी पालक बीटाचा भाऊबंद. त्याच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. तुमची किडकिडीत झाडं नर आहेत, ती आधी फुलतात. भरलेली आहेत ती मादी.

पाकिटात दाणे उरले असतील तर हातावर घ्या. देशी पालकाचं बी म्हणजे खडबडीत, कोनेदार गाठ. त्या एका गाठीत बहुतेक वेळा एकाहून जास्त बिया असतात, म्हणून एकाच जागी दोन-तीन कोंब वर येतात. विलायतीचा दाणा सुटा असतो, गोल किंवा काटेरी. उगवल्यावरची पहिली दोन पानंही बघून ठेवा: विलायतीची गवताच्या पात्यासारखी लांब आणि अरुंद, देशीची आखूड. आमच्याकडे भाजीपाल्याचे वाफे असतात, त्यामुळे हा फरक रोज नजरेखालून जातो.

विलायती पालक थंड हवेचा. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन तापलं की तो पानं वाढवायचं सोडून बी धरायच्या मागे लागतो. मार्च सरता सरता आपल्याकडे दिवस बारा तासांच्या पुढे जातो, जूनमध्ये तेराच्याही थोडा वर. त्यात गच्चीचा स्लॅब तापलेला. वीतभर मातीत मुळं शेकून निघतात. गोमूत्राने हे थांबणार नाही.

दांडे खुडून उपयोग नाही. फुलावर आलेलं झाड पुन्हा पानावर येत नाही, फार तर चार बारकी पानं देईल. आजच उपटा. पानं थोडी उग्र लागतील पण खायला चालतात, ताकातल्या भाजीत खपून जातील.

आता देशी वाण घ्या, ऑल ग्रीन किंवा पुसा ज्योती. बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी सावलीत सुकवून पेरा, बोटाच्या एका पेराइतकं खोल. आठ-दहा दिवसांत उगवतं. दाट झालं तर विरळणी करा आणि दोन झाडांत चार बोटं अंतर ठेवा. काढलेली कोवळी रोपं आमटीत घाला. महिना-सव्वा महिन्यात पहिली कापणी येते. कापताना मातीपासून दोन-तीन बोटं वर कापा, मधला गाभा तसाच राहू द्या, नवी पानं तिथूनच फुटतात. कापणी झाली की दुसऱ्या दिवशी शेणाचं पातळ पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. मग 15 ते 20 दिवसांनी पुन्हा कापायला येतो. उन्हाळ्यात थंडीइतक्या कापण्या मिळत नाहीत, हे मात्र धरून चाला. ट्रेवर हिरवी जाळी बांधा, पाणी सकाळी लवकर द्या.

गच्चीवरची मंजिरी:
आत्ताच पाकीट उघडलं. दाणे सुटे आणि गोल! किती दिवस मी खतावर खत देत होते. मनापासून आभार, दादा. आणखी एक: पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसतात, ते काय?

वाफेकरी:
नागअळी. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून ती आतला गर खाते, ती वाट आपल्याला पांढरी दिसते. अळी आत असल्याने वरून फवारलेलं तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. अशी पानं दिसताक्षणी खुडा आणि चुरून टाका, कंपोस्टमध्ये टाकू नका. पान उजेडाला धरलं तर रेषेच्या टोकाला अळी दिसते. नव्या पेरणीवर पहिल्यापासून बारीक जाळी घाला, म्हणजे माशी अंडी घालायला बसणार नाही.

जांभा (रत्नागिरी):
कोकणातल्या वाचकांसाठी लिहितो. आमची जांभी माती आम्ल, त्यात पालक पिवळा पडतो आणि खुरटतो. पेरणीआधी कुंडीत मूठभर चुलीची राख मिसळली की फरक दिसतो. घाटावर काळी माती असेल तर हे करू नका, ती मुळातच अल्कधर्मी असते.

गच्चीवरची मंजिरी:
आणि उरलेलं विलायती बी टाकून देऊ का?

वाफेकरी:
अजिबात नको. कोरड्या डबीत घट्ट झाकून गार जागी ठेवा आणि दिवाळीनंतर पेरा. तापलेल्या मातीत ते नीट उगवतही नाही. थंडीत त्याची पानं इतकी कोवळी येतात की कोशिंबिरीत कच्चीच घालता येतात. पेरलंत की इथेच फोटो टाका, मला बघायचाय.