केमनला ट्रॅक डेसाठी टायर कुठले घेऊ? सेमी-स्लिक की रस्त्याचेच बरे?

फोंडेकर_७१८

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. गेल्या चवथीच्या आधी मुंबईहून सेकंडहँड पोर्श ७१८ केमन आणली, साधी २ लिटर टर्बो, ३०० हॉर्सपॉवरवाली, पीडीके म्हणजे ऑटोमॅटिक. आईला अजून वाटतं की पैसे कमी पडले म्हणून दोन दारांची घेतली. असो.

जानेवारीत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक डे आहे, म्हणजे आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस, नाव देऊन टाकलंय. आयुष्यात पहिल्यांदाच जातोय. आजवरचं माझं रेसिंग म्हणजे रविवारी पहाटे चोर्ला घाट, आणि तेही पुढे चिऱ्यांचा ट्रक आला की संपलं.

प्रश्न टायरचा. साइज पुढे २३५/४० आर १९, मागे २६५/४० आर १९. आहेत त्यांवर खाचा बऱ्यापैकी आहेत, ५ मिमी तरी असतील, त्यामुळे बदलायला जीवावर येतंय. पण जुलैमध्ये फर्मागुडीच्या उतारावर मागची बाजू एकदा सरकली आणि स्पीड काय तर ४०. मडगांवचा मित्र म्हणतो डोळे झाकून मिशेलिन कप २ घाल, ट्रॅकवर जायचं तर सेमी-स्लिकच (ट्रॅकसाठीचा, जवळपास गुळगुळीत चिकट टायर) पाहिजे. दुसरा म्हणतो फक्त मागचे दोन बदल, पॉवर मागेच जाते ना. जाणार गाडी चालवतच, साधारण नऊशे किलोमीटर एका बाजूने, वेगळे रिम्स न्यायला गाडीत जागा नाही. काय करू?

घाटातलो_बाबू

फोंडेकर, पहिल्यांदा अभिनंदन, मिड-इंजिन गाडी, इंजिन सीटच्या मागे, आपल्याकडे दिसते तरी कुठे.

आता सरळ सांगतो, कप २ नको. टायर वाईट आहे म्हणून नव्हे, उत्तमच आहे, पण तो तुझ्यासाठी आत्ता नाही. कारण असं की रस्त्याचा चांगला टायर, म्हणजे मिशेलिनच्याच पायलट स्पोर्ट ४एस सारखा, ग्रिप सुटायच्या आधी ओरडतो. आधी कुरकुरतो, मग किंचाळतो, मग हळूहळू सरकायला लागतो, आणि तोवर तुझ्या हाताला आणि पार्श्वभागाला कळलेलं असतं की काय होतंय. सेमी-स्लिक गप्प राहतो, धरून ठेवतो धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा तू वीस किलोमीटर जास्त वेगात असतोस. पहिल्या दिवशी तुला लॅप टाइम नको, तुला टायर काय बोलतोय ते ऐकायला शिकायचंय. मी स्वतः उलटं केलं होतं, माझ्या जुन्या गाडीला थेट सेमी-स्लिक घातले, दोन ट्रॅक डे वाटलं की मी मोठा ड्रायव्हर झालो, नंतर साध्या टायरवर आलो तेव्हा पहिल्याच सेशनमध्ये दोनदा गवतात. सगळं टायरच करत होता की.

दुसरं म्हणजे आपला गोवा. सेमी-स्लिकला खाचा कमी आणि उथळ, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती गाडी तू बाहेर काढणार नाहीस, आणि काढलीस तर रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तिथे टायर पाण्यावर तरंगणार. चाळीसला सरकलेली गाडी तू पाहिलीच आहेस.

मागचे दोनच बदल म्हणणाऱ्या मित्राला चहा पाज आणि घरी पाठव. मागे नवे चिकट आणि पुढे जुने कडक म्हणजे गाडी वळायलाच तयार होणार नाही, सरळ जाणार. उलट केलंस तर मागची बाजू पुढे येईल. चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकदम.

आणि टायरच्या आधी ब्रेक ऑइल बदल रे बाबा. ते हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे ओल म्हणजे काय विचारू नको. डॉट ४ ग्रेडचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ओल शोषल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ट्रॅकवर पेडल जमिनीला टेकलं की कुठला टायर होता ते कोणी विचारत नाही.

टायरवाला_म्हापसा

बाबूशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. खाचा ५ मिमी आहेत म्हणून टायर चांगला असं नसतं. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, डॉट लिहिलेलं असतं (ब्रेक ऑइलचं डॉट वेगळं), त्याच्या शेवटी चार आकडे बघ. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. म्हणजे २२१९ असेल तर २०१९ चा बाविसावा आठवडा. बहुतेक गाड्यांवर हे एका बाजूलाच असतं, आतल्या बाजूला गेलं असेल तर जॅक लावून खाली वाक. अशा गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालतात, उरलेला वेळ झाकून ठेवलेल्या, त्यामुळे टायर झिजत नाही, वाळतो. रबर कडक होतं. अंगठ्याचं नख रोवून बघ, नवीन टायरमध्ये रुततं, जुन्यात घसरतं. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं, पण कायदा फक्त खोली मोजतो, कडकपणा नाही. तुझं फर्मागुडी मला तिथेच दिसतंय.

दुसरं, बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून यादी करू नका. जून २०२० पासून नवीन टायरची आयात रिस्ट्रिक्टेड आहे, लायसन्स लागतं, वर आयएसआय मार्क पाहिजे. त्यामुळे अर्धी मॉडेल्स इथे येतच नाहीत, आली तर तुमची साइज नसते. आधी साइज कुणाकडे आहे ते विचारायचं, मग ब्रँडचा वाद घालायचा. ऑर्डर करताना बनल्याची तारीख विचारून लेखी घ्या. पोर्शसाठी बनलेल्या टायरवर एन० किंवा एन१ असा शिक्का असतो, मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर चारही बिनशिक्क्याचे चालतील, फक्त मिसळ करू नका. मिसळ पावाबरोबरच बरी.

वास्को_एपेक्स

मी जरा वेगळं बोलतो. सगळे लगेच ४एस म्हणतात पण इरुंगट्टुकोट्टईला, ३.७ किमीचा ट्रॅक आणि चेन्नईचं ऊन, दुपारी डांबर ५० अंशांच्या वर जातं, तिथे ४एस चार-पाच लॅप मस्त चालतो, मग लोण्यासारखा होतो. ट्रेडवेअर (झिजेचा आकडा, कमी म्हणजे साधारण जास्त चिकट) ३०० चा टायर आहे तो. त्याच्या आणि सेमी-स्लिकच्या मध्ये २०० ट्रेडवेअरची एक जात आहे, योकोहामा निओवा एडी०९, ब्रिजस्टोन आरई-७१आरएस वगैरे. उष्णता जास्त सहन करतात आणि रस्त्यावरही चालतात. मिळाले तर ते बघ. हा ट्रेडवेअरचा आकडा कंपन्या स्वतःच चाचणी करून छापतात बरं का, त्यामुळे एका कंपनीचा १८० आणि दुसरीचा २०० यात खरा चिकट कोण ते आकड्यावरून ठरत नाही.

घाटातलो_बाबू

लोणी होतं हे खरं, पण त्याला चार-पाच लॅपच मारायच्या आहेत ना एका दमात! मग एक लॅप सावकाश, पिटमध्ये ये, पाणी पी. नवीन माणसाचं डोकंसुद्धा पाचव्या लॅपला लोणी होतं. आणि २०० वाले रस्त्यावर आवाज किती करतात ते नऊशे किलोमीटर ऐकून बघ.

वास्को_एपेक्स

आवाजाचं मान्य. हुबळीपर्यंतच डोकं उठतं.

डॉक्टर_सांखळी

टायरचं नाही, पण सांगून ठेवतो. गाडीची पॉलिसी काढून 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' वाचा. रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. भिंतीला लावली तर खिशातून. मी वाचलं ते ट्रॅकवरून परत आल्यावर, नशीब काही झालं नव्हतं.

फोंडेकर_७१८

बापरे. ब्रेक ऑइल आणि पॉलिसी दोन्ही डोक्यातच नव्हते, ऑइलचं आजच गॅरेजला सांगितलं. टायरचं ४एसकडे मन वळतंय. हवेचं सांगा ना, दारावरच्या स्टिकरप्रमाणेच ठेवू का? पंपवाला म्हणतो नायट्रोजन भरा, गरम होतच नाही.

टायरवाला_म्हापसा

हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तो फुकट मिळतो. फायदा आहे तो कोरड्या हवेचा, पण पहिल्या ट्रॅक डेला तुला फरक कळणार नाही.

घाटातलो_बाबू

हवा हाच खरा फुकटातला ट्यूनिंगचा स्क्रू आहे, नीट ऐक. टायर साधारण ५-६ अंश तापला की १ पीएसआय वाढतो, ट्रॅकवर सात-आठ सहज वाढतात. स्टिकरप्रमाणे भरून गेलास तर गरम झाल्यावर चाळीसच्या वर, टायर फुग्यासारखा, मधलाच पट्टा टेकणार. हायवेला मात्र स्टिकरप्रमाणेच ठेव, कमी करायची ती ट्रॅकवर पोचून. सकाळी थंड असताना चार-पाच पीएसआय कमी कर, एक सेशन मार, बाहेर आल्या आल्या, थंड व्हायच्या आत, चारही मोज. गरम असताना ३४-३५ च्या आसपास यायला पाहिजे, जास्त असेल तेवढी सोड. प्रत्येक सेशननंतर परत, कारण दुपारी डांबर वेगळं असतं.

टायर किती लोळतोय ते बघायला पांढरं बूट पॉलिश घे आणि खांद्यावर, ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तिथे आडवे पट्टे ओढ. पट्टा ट्रेडच्या कडेपर्यंत पुसला तर बरोबर, टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण कोरलेला असतो त्याच्या खाली साइडवॉलवरही पुसला तर हवा कमी आहे. पुढच्या टायरची बाहेरची कड जास्त खाल्ली जाईल, घाबरू नको, रस्त्यासाठीच्या कॅम्बरवर (चाकाच्या उभ्या कलावर) ते होणारच.

आणि संध्याकाळी निघायच्या आधी हवा परत भर! टायर थंड झाला की सत्तावीस-अठ्ठावीसच उरतात, तेवढ्यावर बंगळूरच्या हायवेला लागू नको. लायटरला लागणारा छोटा कॉम्प्रेसर घेऊन जा, पुढच्या डिकीत मावतो. टॉर्क रेंचसुद्धा (ठराविक जोरानेच आवळणारा पाना), पोर्शच्या चाकाला १६० न्यूटन मीटर, सेशनच्या मध्ये तपास, पण चाक थंड झाल्यावर.

फोंडेकर_७१८

देव बरें करूं बाबूदादा, सगळं लिहून घेतलं.

आत्ताच टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो होतो. मागचे २२१९. पुढचे ४११७. आणि कंपनीही वेगळी निघाली, चार महिने रोज पुसतोय ती गाडी, एकदाही लक्षात आलं नाही.

टायरवाला_म्हापसा

नख रुतलं का?

फोंडेकर_७१८

नख तुटलं.