पुस्तकात बघून पहिल्यांदा केलेली वस्तू : तुमचे अनुभव लिहा

गेल्या मे महिन्यात आजीच्या ट्रंकेत क्रोशाची सुई आणि एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. मला साखळी आणि खांब हे दोनच टाके येत होते, तेही मैत्रिणीकडून शिकलेले. पुस्तकातला गोल रुमाल सोपा दिसला. पहिल्या फेरीत सहा टाके, मग बारा, मग अठरा. 'डबल क्रोशे' म्हणजे खांब, असं मैत्रिणीने सांगितलेलं डोक्यात पक्कं होतं. पाचव्या फेरीपर्यंत रुमालाची वाटी झाली. ओलं फडकं ठेवून इस्त्री केली, तरी कडा पुन्हा वर. चार वेळा उसवलं.

मग कळलं की पुस्तक ब्रिटिश आहे. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका, आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे खांब. खांब उंच असतो, म्हणून गोल सपाट राहायला दर फेरीला बाराच्या आसपास टाके वाढावे लागतात. मुक्या खांबाला सहा पुरतात. आजी हयात असती तर एका नजरेत सांगितलं असतं. त्या रुमालाने मला तिची फार आठवण आली, आणि तो पूर्ण झाला तेव्हा तिच्या फोटोखाली अंथरला.

कोणी शिकवायला नसताना, निव्वळ पुस्तक समोर ठेवून तुम्ही काय केलंत? कुठे अडलं आणि कसं सुटलं, ते सविस्तर लिहा.

*

माझं असंच, पण लोकरीचं. भाच्याच्या दुसऱ्या वाढदिवसासाठी स्वेटर घेतला विणायला. पुस्तक अमेरिकन, त्यात 'सुई नंबर आठ'. मी दुकानातून आठ नंबरच्या सुया आणल्या. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, आणि त्यात आठ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेतली आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. शिवाय क्रम उलटा: आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, तिकडे जाड.

पुस्तकात १० सेंटिमीटरला १८ टाके दिले होते, माझे २२ बसत होते. पुढच्या भागाचे ५४ टाके घातले. तो भाग ३० सेंटिमीटर यायला हवा होता, आला साडेचोवीस. मागचाही तसाच, म्हणजे घेरात ११ सेंटिमीटर कमी. हे सगळं दोन्ही भाग शिवून झाल्यावर कळलं. वाढदिवसाच्या आदल्या रात्री ताईला फोन करून सांगितलं तेव्हा रडू आवरलं नाही.

आधी एक चौकोनी नमुना विणून मोजा, असं पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. तो भाग मी उत्साहात सोडून दिला होता. आता काहीही विणायच्या आधी बारा-पंधरा सेंटिमीटरचा नमुना विणते, एक रात्र ठेवते, मधले टाके पट्टीने मोजते. तो स्वेटर शेजारच्या आठ महिन्यांच्या बाळाला अगदी छान बसला.

*

मी डावखुरी आहे. भरतकामाच्या पुस्तकातले सगळे हात उजवे. गाठीच्या टाक्याला दोरा सुईभोवती कुठून कुठे गुंडाळायचा हे उलटं करून बघताना डोकं बधिर व्हायचं. शेवटी पान आरशासमोर धरलं. अक्षरं उलटी झाली, पण चित्रातले हात माझे झाले!

*

टॅटिंगबद्दल लिहिते, म्हणजे शटलवर (हातात मावणाऱ्या छोट्या फिरकीवर) दोरा गुंडाळून गाठींनी केलेली लेस, कारण ते शिकवणारी माणसं आता शोधावी लागतात. माझी आत्या रुमालांना टॅटिंगची लेस लावायची. ती गेल्यावर तिचं शटल माझ्याकडे आलं.

पुस्तकात गाठीच्या सहा आकृत्या होत्या. मी हुबेहूब तशाच गाठी मारत होते आणि त्या गाठींची गोल कडी काही केल्या ओढून बंद होत नव्हती. दीड महिना. खरी गोम अशी की गाठ मारल्यावर ती पलटायला हवी. शटलचा दोरा ताठ ओढायचा आणि त्याच क्षणी डाव्या बोटांवरचा दोरा सैल सोडायचा. मग गाठ शटलच्या दोऱ्याची न राहता डाव्या हातातल्या दोऱ्याची होते, आणि शटलचा दोरा तिच्या आतून सरकतो. आकृतीत यासाठी फक्त एक बाण होता. हालचाल कागदावर किती मावणार?

सुटलं ते दोन रंगांमुळे. शटलवर गुलाबी दोरा, डाव्या हातावर पांढरा, टोकं एकत्र बांधलेली. गाठ गुलाबी दिसली तर चुकली, पांढरी दिसली तर पलटली. त्या दुपारी पहिली पांढरी गाठ गुलाबी दोऱ्यावरून सरकली, तेव्हा आत्याच्या बोटांचा तो छोटासा झटका मला आठवला. लहानपणी शेकडो वेळा बघितला होता, पण तो कशासाठी ते माहीत नव्हतं.

*

मुलासोबत ओरिगामीचा करकोचा. तुटक रेघ म्हणजे घडी आत, रेघ-टिंब म्हणजे घडी बाहेर, एवढं समजलं तरी अडायचो. मुलानेच युक्ती काढली: चालू आकृतीपेक्षा पुढची आधी बघायची, म्हणजे कागद कुठे पोचायचा आहे ते दिसतं. आणि चौकोन नीट कापा. सुरुवातीचा दोन मिलिमीटरचा फरक चोचीपर्यंत जातो.

*

वही बांधणी. पुठ्ठ्यावर बाहेरून कागद चिकटवला, सकाळी पुठ्ठा धनुष्यासारखा वाकलेला. वाटलं, पुठ्ठाच खराब. तीन पुठ्ठे बदलले. कारण साधं होतं: खळ लावलेला कागद ओला असताना पसरतो आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतून दुसरा कागद चिकटवला की तो उलट बाजूने ओढतो. शिवाय पूर्ण वाळेपर्यंत वजनाखाली ठेवायला हवं. मी पाट आणि त्यावर गव्हाचा डबा ठेवतो.

वर टॅटिंगबद्दल लिहिणाऱ्या ताईंना एक विनंती: ती दोन रंगांची कडी कशी बांधायची ते आणखी सविस्तर लिहाल का? आईकडे शटल आहे, तिलाही कडी बंद करता येत नाही. तुमचा अनुभव मी आत्ताच तिला वाचून दाखवला आणि ती गुलाबी दोरा शोधायला उठली आहे.