अनुभव धागा : जीव टांगणीला, तोही आठवडाभर

आठवड्यातून एकच भाग. शेवटी दार वाजतं, कोणीतरी मागे वळून बघतं, तिचा चेहरा पांढराफटक पडतो... आणि नामावली सुरू! अशा एखाद्या रहस्य मालिकेनं तुम्हाला कधी वेड लावलंय का? संशय कोणावर घेतलात, घरात कोणाकोणाचं वाजलं, सगळं लिहा. एकच विनंती, खुनी कोण ते पहिल्याच ओळीत फोडू नका.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे संशयितांची रीतसर वही होती. कोण कुठे होतं, कोण खोटं बोललं, कोणाला पैशाची गरज होती, सगळ्याची नोंद. सासूबाईंनी मात्र कथेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "एवढा नावाजलेला नट, आणि त्याला नुसतं कुत्रं फिरवायला ठेवलाय? तोच आहे." आम्ही हसलो. शेवटच्या भागात तोच निघाला. तेव्हापासून कुठलीही नवी मालिका लागली की त्या चष्मा लावून आधी नामावली वाचतात.

*

मला कमी ऐकू येतं म्हणून मी सबटायटल लावून बघतो. एका भागात मुखवटा घातलेला माणूस फोनवर बोलतो, आवाज बदललेला, घरातले सगळे श्वास रोखून बसलेले. आणि खालच्या पट्टीवर बोलणाऱ्याचं नाव ठळक लिहिलेलं! मी एकट्यानेच वाचलं, बाकीच्यांचे डोळे मुखवट्यावर. मग उरलेले आठवडे तोंडाला कुलूप. सूनबाई दर वेळी नवा तर्क मांडायची, मी "असेल बुवा" म्हणायचो. आयुष्यात इतका गंभीर चेहरा मी कधी केला नव्हता.

*

जुन्या मालिकांचं वेड आहे म्हणून लिहिते. 'डॅलस' या अमेरिकन मालिकेत जे. आर. या मुख्य पात्राला गोळी लागली 1980च्या मार्चमध्ये आणि ती कोणी झाडली हे कळायला नोव्हेंबर उजाडला. मध्येच कलाकारांचा संप झाला, त्यामुळे वाट बघणं आणखी लांबलं. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांनी गोळी झाडल्याची दृश्यंसुद्धा चित्रित करून ठेवली होती. 'ट्विन पीक्स' या दुसऱ्या अमेरिकन मालिकेचं उलटं झालं. लॉरा पामरला कोणी मारलं हे इतक्यात सांगायचं कर्त्यांच्या मनात नव्हतं, पण वाहिनीनं रेटा लावला. 1990च्या अखेरीस उत्तर मिळालं, प्रेक्षक पांगले आणि 1991मध्ये मालिका गुंडाळली. मला विचाराल तर दोष घाईचा. उत्तर देण्याआधी दुसरा एखादा पेच नीट रुजवायला हवा होता.

*

भाग लागायचा तेव्हा माझी रात्रपाळी. सकाळी घरी जाऊन रेकॉर्डिंग बघेपर्यंत कोणाशी बोलायचंच नाही, असा नेम. तरी एक सहकारी जिन्यात गाठून म्हणालाच, "मी काही सांगणार नाही हं, फक्त डॉक्टरवर लक्ष ठेव." अरे, आता सांगायचं राहिलं काय?

*

आपल्याला नाही जमत हे. आठवड्याभरात कोण कोणाचा मेहुणा तेच विसरायला होतं. मालिका पूर्ण संपली की दोन रात्रींत फडशा पाडायचा.

*

वरच्या मेहुणेवाल्यांना : विसरायला होतं म्हणून तर सुरुवातीला 'मागील भागात' दाखवतात. आणि चोरी पकडायची खरी जागा तीच! कधीकाळी दाखवलेलं दृश्य, माळी फाटकाची किल्ली खिशात टाकतोय. तेव्हा कोणी लक्ष दिलं नव्हतं. मग आज अचानक तेच पुन्हा का? म्हणजे आज माळ्याचं काहीतरी आहे. मी आणि दादा तेवढा अर्धा मिनिट जिवाचा डोळा करून बघतो, पुढचा भाग जरा इकडेतिकडे झाला तरी चालतो. आई म्हणते, तुम्ही मालिका बघत नाही, संकलकाची उलटतपासणी घेता.

सध्या जी बघतोय तिच्यात धाकट्या बहिणीचं घड्याळ आधी डाव्या हातात होतं, परवाच्या भागात उजव्या. दादा म्हणतो चित्रीकरणातला घोटाळा आहे. मी म्हणतो, मग कॅमेरा त्याच्यावर एवढा वेळ थांबला कशाला? पैज लागलीय.